टॉलिवर विरुद्ध शाळा बोर्ड

टालुशा, मिसिसिपी
८ सप्टेंबर १९९६

लाडके विनी,

तुझं नाव पुन्हा पेपरात आलंय. हुरळून जाऊ नकोस, तू काही पराक्रम केलास म्हणून नव्हे. शाळा बोर्डानं कोर्टात अर्ज टाकलाय, की ‘टॉलिवर विरुद्ध शाळा बोर्ड’ हा खटला आता मिटवून टाका. आम्ही सुधारलो, काळी-गोरी पोरं एकत्र शिकतात, तेव्हा जज्जसाहेबांनी आमच्या मानेवरचा हात काढावा. सुधारले म्हणे! तू सात वर्षांची होतीस तेव्हा तुझ्या बापानं हा खटला भरला. आता तुझेही केस पिकायला लागले असतील, आणि हे आत्ता कुठे सुधारले.

मला काळजी आहे ती तुझ्या सहीची. बाकीच्या वादींपैकी काही देवाघरी गेले, काहींनी कधीच अंग काढून घेतलं. कागदावर आता तू एकटी. बोर्डाचा वकील तुला संमतिपत्र पाठवील, गोड गोड लिहिलेलं. तू सही केलीस की सुनावणीसुद्धा व्हायची नाही. मग बोर्डाला रान मोकळं. उद्या ते ईस्ट हायस्कूलला कुलूपही लावतील. सही करू नकोस.

तिकडे मिलवॉकीत बसून तुला इथलं दिसत नाही, म्हणून सांगते. नियम अजून तोच आहे. ओढ्याच्या पूर्वेला राहणाऱ्या पोरानं ईस्टला जायचं, पश्चिमेला राहणाऱ्यानं वेस्टला. दोन्हीकडे दोन्ही रंगांची पोरं यावीत अशा बेतानंच जज्जसाहेबांनी हद्द आखली होती. आणि आज ईस्टच्या वर्गात गोरं पोर शोधायला कंदील घेऊन हिंडावं लागतं. पूर्वेची गोरी माणसं गेली कुठे? कुठेच नाही. माझ्या परसामागेच राहतात, शनिवारी मासे तळतात, वास मला येतो. पण त्यांनी हायवेलगतच्या माळावर, वेस्टच्या हद्दीत, चाकांवरची रिकामी ट्रेलरघरं भाड्यानं घेतलीत. आत खाट नाही, चूल नाही, फक्त विजेचं मीटर. पत्त्याचा पुरावा म्हणून शाळेला विजेचं बिल चालतं ना! सकाळी आई पोराला मोटारीनं माळावर सोडते, शाळेची पिवळी बस येते, आणि पोर जणू आत्ताच त्या ट्रेलरमध्ये झोपून उठलं अशा थाटात बसमध्ये चढतं. बोर्डाला सगळं ठाऊक आहे. मूग गिळून बसलंय.

हे कोर्टात सिद्ध झालं तर खटला मिटत नाही, असं आपले बॅसेट वकील म्हणतात. सिद्ध करायचं आमच्या मिश्र समितीनं. पाच आपले, पाच गोरे, खुद्द जज्जसाहेबांनी घालून दिलेली रीत. पाहणीला जायचं तर जोडीनं, एक आपला आणि एक त्यांचा, म्हणजे मागाहून कुणी कुणाला खोटं पाडायला नको. या खेपेला मी आणि हार्लन प्यू. तोच तो, गुरांच्या पेंडीच्या दुकानाचा. माणूस बरा आहे, गाडीत तेवढा कुत्र्याचा वास येतो.

एक चांगली बातमी. जज्जसाहेबांच्या हुकुमात एक सोय आहे ती तुला आठवत नसेल: ज्या शाळेत आपलीच पोरं जास्त, तिथून दुसऱ्या शाळेत जायचा रीतसर अर्ज करता येतो. आमच्या क्लिओफसनं लेकीसाठी केला, आणि माझ्या नातीला, जेरिलिनला, वेस्टमध्ये जागा मिळाली! ईस्टला रसायनशास्त्राला मास्तरच नाही. फुटबॉलचा कोच येतो, फळ्यावर पान नंबर लिहितो आणि पेपर वाचत बसतो. वेस्टला पोरीला खरी प्रयोगशाळा आहे. रविवारी चर्चमधून आल्यावर मला मीठ कसं बनतं ते सांगत होती. मला कळलं काहीच नाही, पण तुझ्या बापाची आठवण येऊन डोळे भरले. त्यानं केलं ते वाया नाही गेलं, विनी.

तुझी आत्या,
आर्डेलिया


मिलवॉकी
२२ सप्टेंबर १९९६

प्रिय आत्या,

संमतिपत्र आलंय. खरंच गोड लिहिलंय. फ्रिजवर लावून ठेवलं आहे. येता-जाता बघते.

तुला राग येईल, पण मला सही करावीशी वाटते. मी दमले गं. दरवर्षी वकिलाचं पत्र येतं, दर चार वर्षांनी कुणीतरी पत्रकार फोन करतो, ‘तुम्हीच का त्या टॉलिवर?’ मी हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर बसते, लोकांची नावं विचारते. मागे एक कायद्याचा विद्यार्थी पाय मोडून आला आणि माझं नाव वाचून म्हणाला, ‘अरे, तुम्ही आम्हाला परीक्षेला होता!’ मी त्याला म्हटलं, पास झालास का?

तुम्ही सगळे त्या खटल्याबद्दल बोलता तेव्हा न्याय, हक्क, बाबांचं धैर्य असं काहीतरी मोठं मोठं आठवता. मला मधली सुटी आठवते. गोऱ्यांच्या शाळेतलं ते पहिलं वर्ष. मी ज्या टेबलाशी बसे ते टेबल रिकामं होई. कुणी मारलं नाही, शिव्यासुद्धा क्वचित. नुसतं ताट उचलून जायचे. मग मी भराभर खायला शिकले. अजून तशीच खाते, नवरा हसतो. लाकूड गिरणीनं बाबांना काढून टाकलं तेव्हा मला वाटलं ते माझ्यामुळेच, कारण नाव माझं होतं.

आणि इथे उत्तरेत तरी काय आहे? माझ्या लेकाच्या वर्गात एक गोरं पोर नाही. इथं कुणी हुकूम मोडत नाही, कारण हुकूमच नाही. आता असं झालंय, की भीक नको पण कुत्रं आवर.

पण तू म्हणतेस म्हणून थांबते. जेरिलिनचं वाचून बरं वाटलं, खरंच. तू आणि तो प्यू माळावर जाऊन या, वकिलांना काय ते सांगा, सुनावणी होऊ दे. तोवर सही नाही.

गुडघ्यांना शेक दे.

तुझी,
विनी


टालुशा
१७ नोव्हेंबर १९९६

लाडके विनी,

उत्तराला उशीर झाला. पेकान वेचायचे होते. यंदा झाड चांगलं लागलं, पण अर्धे खारींनी नेले. चर्चच्या जेवणाला मी कोलार्डची भाजी आणि मक्याचा ब्रेड नेला. पाद्रीबाबांनी दोनदा घेतला. थंडी पडू लागली आहे.

त्या कागदाचं म्हणशील तर मी विचार केला. तू म्हणतेस त्यात तथ्य आहे. तू पुष्कळ सोसलंस. सही करायची असेल तर कर, माझी आडकाठी नाही. म्हातारी माणसं उगाच जुनं धरून बसतात.

मुलाला पापा.

आत्या


मिलवॉकी
२४ नोव्हेंबर १९९६

आत्या,

पत्र तूच लिहिलंस ना? अक्षर तुझं, पण बोलणं कुणाचं?

सप्टेंबरात मला सही करू नकोस म्हणून दटावलंस, आणि आता खारींच्या गोष्टी सांगतेस. माळावर गेलात की नाही, त्याबद्दल अवाक्षर नाही. काल बॅसेट वकिलांचा फोन होता. म्हणाले, सुनावणी तीन आठवड्यांवर आली आणि तुझी आत्या भेटायला तयार नाही, त्या प्यूचं दुकान बंद असतं. समितीचा अहवाल कोरा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?

मला वाटतं, मला कळलंय. क्लिओफस काउंटीच्या नोकरीत आहे. कुणीतरी त्याच्या साहेबाकडून तुला निरोप दिला असेल, की म्हातारीला गप्प बसवा. तसं असेल तर तसं सांग, मी दोष देणार नाही. पण मग एवढं तरी लक्षात ठेव, की बाबांना गिरणीतून काढलं त्या दिवशी ते खटला मागे घ्यायला निघाले होते. दारात आडवी उभी राहिलेली तूच होतीस. ‘एमोस, एकदा नाव दिलं की दिलं,’ असं म्हणालीस. मी टेबलाखाली बसून ऐकलं आहे. तेव्हा नोकरी गेली ती भावाची होती. आता लेकाची जायची वेळ आली, तर खारी?

कडू लिहिलं. पण खोडत नाही.

विनी


टालुशा
१ डिसेंबर १९९६

विनी,

तुझं पत्र वाचून आधी ते चुलीत घालावंसं वाटलं. मग म्हटलं, पोरीला काय ठाऊक? मीच सांगितलं नाही.

क्लिओफसला कुणी धमकावलेलं नाही. तसं असतं तर मी मजेत असते. धमक्यांशी कसं वागायचं ते मला येतं.

ऑक्टोबरात एका सकाळी मी आणि प्यू माळावर गेलो. त्याची गाडी झाडाआड लावली, कॉफी घेत बसलो. ऊन नुकतंच वर येत होतं. मोटारी यायला लागल्या. पोरं उतरत होती, ट्रेलरांच्या पायऱ्यांवर बसत होती. मी ओळखीचे चेहरे मोठ्यानं सांगत होते, हा डॉक्टरांचा, ती बँकवाल्याची, आणि प्यू मान हलवत होता. मग एक लाल केसांचं पोर तुतारीची पेटी घेऊन उतरलं आणि प्यूची मान हलायची थांबली.

“आमचा वेस्ली,” तो म्हणाला.

मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत गोऱ्या माणसाला असं पकडायची संधी मला कधी मिळाली होती? मी म्हटलं, “काय मिस्टर प्यू, नातवानं वेगळं बिऱ्हाड केलं वाटतं! घरभरणीचं जेवण दिलं नाहीत?”

माझं हसणं संपायच्या आत डांबरानं माखलेला एक ट्रक आला. क्लिओफसचा. जेरिलिन उतरली. बापानं खिडकीतून डबा दिला, तिनं तो घेतला आणि त्याच पायरीवर, त्या वेस्लीच्या शेजारी जाऊन बसली. दोघंही पुस्तक उघडून काहीतरी बोलायला लागली.

अगं, रीतसर बदली मिळालेल्या पोरीला बस घरून न्यायला येते. माळावर कशाला यावं लागेल? मला पुढचं कुणी सांगायची गरजच नव्हती.

प्यूनं सूड उगवला नाही. उगवायला हवा होता, मला हलकं वाटलं असतं. तो बस जाईपर्यंत समोर बघत राहिला आणि मग म्हणाला, “मिस आर्डेलिया, ऊन डोळ्यांवर होतं. मला काही नीट दिसलं नाही. तुम्हाला दिसलं?”

मी उरलेली कॉफी खिडकीबाहेर ओतली. गाडी सुरू करताना तो परत म्हणाला, “मी माझ्यासाठी म्हणत नाही. वेस्लीला इथून हाकललं तर त्याचा बाप त्याला अकादमीत घालील. तुमच्या पोरीला कोण घालील?”

अकादमी तुला माहीतच आहे. पहिला हुकूम निघाला त्याच वर्षी गोऱ्यांनी काढलेली फीची शाळा.

संध्याकाळी मी क्लिओफसला धरलं. म्हटलं, माझ्याशी खोटं बोललास? तो म्हणाला, “अर्ज केला होता, आई. जागा नाही म्हणून परत आला. जागा का नाही? माळावरच्या पोरांनी वेस्ट भरली म्हणून. दारातून घेईनात, मग मीही त्यांच्याच खिडकीतून शिरलो.” मी म्हटलं, मला सांगायचंस, मी समितीत भांडले असते. तो हसला. “तू तीस वर्षं भांडतेसच. तुझं भांडण मिटेपर्यंत तिची अकरावी थांबणार आहे का?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. अजून लागत नाही.

आता सांग. माळावरचं बोलले तर जेरिलिन परत ईस्टला, त्या कोचपुढे. न बोलले तर बोर्ड सुटतं, आणि ईस्टमध्ये उरलेली सगळी पोरं कायमची त्या कोचपुढे. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून तुला लिहिलं, सही कर. तू सही केली असतीस तर मला कोर्टात उभंच राहावं लागलं नसतं. माझं ओझं तुझ्या डोक्यावर टाकत होते, बाई. तेवढंच होतं.

आत्या


मिलवॉकी
९ डिसेंबर १९९६

प्रिय आत्या,

मागचं पत्र चुलीत घाल. आता तरी घाल.

चार दिवस नुसती कागद पुढे घेऊन बसते. मला वाटायचं, या खटल्यात सोसायचं ते माझं सोसून झालं, आता बाकीच्यांनी नुसता फायदा घ्यायचा. आणि तू लिहितेस की जेरिलिन माळावरच्या पायरीवर बसून बसची वाट बघते.

मी तुला बोल म्हणणार नाही आणि बोलू नकोही म्हणणार नाही. तू बोललीस तर पोरीचं वर्ष जाईल. नाही बोललीस तर तुझी झोप जाईल, ती गेलेलीच दिसते. तुला जे पुढे वागवता येईल ते कर. जे करशील त्यावर मी परत कधी टेबलाखालच्या गोष्टी काढणार नाही.

सही केलेली नाही. सुनावणी होईपर्यंत करत नाही. ते ओझं माझ्याकडे राहू दे. पण साक्ष द्यायची की नाही, ते तुझ्या वतीनं मला ठरवता येत नाही गं.

विनी


टालुशा
२६ जानेवारी १९९७

लाडके विनी,

निकाल तुला बॅसेट वकिलांकडून कळलाच असेल. बाकीचं माझ्याकडून ऐक.

कोर्टात जाईपर्यंत मी काय बोलणार ते मलाच ठाऊक नव्हतं. जज्जसाहेब आता फार थकलेत. पहिला हुकूम दिला तेव्हा काळेभोर केस होते, आता ऐकू यायला कानाला यंत्र लागतं. माझ्याकडे बघून म्हणाले, “मिसेस स्पाइव्ही, आपण दोघं अजून इथेच?” मी म्हटलं, “हो साहेब, सुटका नाही.” लोक हसले.

बॅसेटनी विचारलं तसं मी माळावरचं सांगितलं. ट्रेलर, मीटर, डॉक्टरांचा मुलगा, बँकवाल्याची मुलगी. तुतारीवाल्याचं नाव घेतलं नाही. म्हटलं, ते ज्याचं त्यानं घ्यावं. बॅसेट खूश होऊन बसले. तेवढ्यात बोर्डाचा वकील उठला. तरणाताठा, बूट चकचकीत. म्हणाला, “म्हणजे तुमचं म्हणणं, आमच्या गोऱ्या कुटुंबांना काळ्या मुलांशेजारी बसायचं नाही म्हणून ती पळतात. तिथं दिसलेली सगळी मुलं गोरीच होती ना?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. माझ्या जिभेवर होतं, विनी. बायबलवर हात ठेवलेला होता म्हणून मी थांबले असं चर्चमध्ये लोक म्हणतात. तसं नाही. मागच्या बाकावर ईस्टची पोरं बसली होती, शिक्षकांनी कोर्ट दाखवायला आणलेली. त्यांच्याकडे बघून ते ‘हो’ निघेना.

मी म्हटलं, “नाही. एक काळी होती. माझी नात.”

वकिलाला वाटलं, बाजी मारली. म्हणाला, बघा जज्जसाहेब, यांचंच घर! मी म्हटलं, “माझ्या पोरानं रीतसर अर्ज केला होता. वेस्ट भरलेली आहे म्हणून तुम्ही परत पाठवलात. कुणी भरली ती आत्ताच सांगितलं.” त्यानंतर त्यानं मला काही विचारलं नाही.

मग प्यूला बोलावलं. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मिस आर्डेलिया बोलल्या ते सगळं खरं. एक नाव त्यांनी सोडलं. ते माझ्या नातवाचं.” एवढं बोलून खाली बसला. बाहेर पडताना त्याच्या सुनेनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे क्लिओफसनं पाहिलं नाही. आम्ही दोघं म्हातारे पायऱ्यांवर उभे होतो, कुणी न्यायला येतंय का बघत. शेवटी त्यानंच मला घरी सोडलं, कुत्र्याच्या वासासकट.

निकाल आपल्या बाजूनं. खटला सुरू राहणार, देखरेख आणखी तीन वर्षं. आणि माळावरच्या प्रत्येक पोरानं नाताळनंतर आपापल्या हद्दीच्या शाळेत परत यायचं. चर्चमध्ये गाणी म्हटली. मीही म्हटली.

शाळा उघडली त्या सकाळी मी ईस्टच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. हेडमास्तरांनी नवी पोरं येणार म्हणून वर्गांत जादा बाकं लावून घेतली होती, स्वतः टाय बांधून दारात उभे होते. बस आली, आपली नेहमीची पोरं उतरली. मोटार एकही आली नाही. घंटा झाली. मग डांबराचा तो ट्रक आला आणि जेरिलिन उतरली.

हेडमास्तर तिच्यामागे बघत राहिले. म्हणाले, “बाकीची?”

“बाकीची कुठली, सर? मीच,” ती म्हणाली आणि आत गेली.

गोऱ्यांची पोरं सगळी अकादमीत गेली. फी भरायला कुणी कर्ज काढलं, कुणाला आजोबांनी दिली. ज्यांना तेही जमलं नाही ते बिऱ्हाड उचलून खरोखरच पश्चिमेला राहायला गेले. जज्जसाहेबांचा हुकूम पाळून परत आलेली या अख्ख्या काउंटीत एकच मुलगी, आणि ती आपली.

वेस्टमध्ये आता जागाच जागा आहे. एप्रिलमध्ये तिला पुन्हा रीतसर अर्ज करता येईल, बारावीसाठी. तोवर कोच आणि पान नंबर. क्लिओफस माझ्याकडे येत नाही. ती येते, चालत येते. माझ्याशी कमी बोलते, पण येते.

आणि परवा बॅसेट वकील आले. म्हणाले, लाव्हिनियाबाई (म्हणजे तू) कधी सही करतील भरवसा नाही, आणि उद्या बोर्ड म्हणेल की वादीच शाळेत नाही. तेव्हा आज शाळेत असलेलं एखादं नाव हवं. जेरिलिन स्पाइव्ही. हुकुमापायी नुकसान सोसलेली आणि हुकूम पाळलेली, याहून चांगली वादी कुठे मिळणार? जेरिलिन तेव्हा माझ्याकडेच होती, चुलीशेजारी वही लिहीत. तिनं डोकं वर केलं.

“हुकूम मीच पाळला,” ती म्हणाली. “आता नावही मीच द्यायचं?”

मी तिच्या आजोबाला, तिच्या बापाला, तुझ्या बापाला, सगळ्यांना दारात आडवी उभी राहिले. हिच्यापुढे उभं राहवेना. वकिलांना कॉफी दिली आणि वाटेला लावलं.

मी थकले, विनी. आता खरंच सांगते, कुठलीही चाल नाही: तुला सही करायची तर कर. मी काही वाटून घेणार नाही.

आत्या


मिलवॉकी
४ फेब्रुवारी १९९७

प्रिय आत्या,

तुझं पत्र सोमवारी आलं. आज मी कामावरून रजा घेऊन बॅसेट वकिलांना फोन केला. ते मला कायदा समजावू लागले, शाळेतलं पोर वादी असलं की बाजू कशी भक्कम होते वगैरे. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, मी सात वर्षांची होते तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. हिला तुम्ही विचारलंत, आणि ती नाही म्हणाली. आता परत त्या घरात पाऊल टाकाल तर ते जेवायला. त्यांनी कागद चाळल्याचं फोनवर ऐकू आलं. मग म्हणाले, मूळ वादीनं माघार घेतली नाही तर खटला उभा राहतो, ओढूनताणून का होईना.

एप्रिलच्या अर्जाचं मनावर घे. क्लिओफस तुझ्याकडे येत नसेल तर तू त्याच्याकडे जा. आधी ओरडेल, मग बसायला खुर्ची देईल, तो बाबांवरच गेलाय. दोघं मिळून बोर्डाच्या कचेरीत जा आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मी अशाच खिडकीमागे बसते, मला माहीत आहे, जो हलत नाही त्याचंच काम होतं. जेरिलिनला रसायनशास्त्राची पुस्तकं पाठवते आहे. इथल्या एका लॅबवालीनं जुनी दिली. तिला म्हणावं, पान नंबर कोचला लिहू दे, वाच तू.

आणि संमतिपत्र मी आज फ्रिजवरून काढून फाडलं. फार काही वाटलं नाही. त्या पोरीचं नाव तिचं तिच्याकडे राहू दे, तिला ते प्रवेशअर्जांवर लिहायचंय, पदवीवर लिहायचंय. खटल्याला माझंच असू दे. तसंही ते माझ्या फारसं उपयोगाचं राहिलेलं नाही.

तुझी,
विनी